वेब डिझाइन शिकायला पंचेचाळीस हजार? फी भरण्याआधी हे वाचा

बस स्टँडपासून कॉलेज रोडपर्यंत पुन्हा फ्लेक्स लागलेत. "तीन महिन्यांत वेब डिझायनर व्हा. १०० टक्के जॉब गॅरंटी." बारावीचा निकाल लागला की दरवर्षी हे पीक येतं. गेल्या पंधरा दिवसांत तीन पालकांनी मला विचारलं, "पत्रकार साहेब, पोराला हा कोर्स लावू का?" तिघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. फी सांगतात पंचेचाळीस हजार. सोयाबीनला क्विंटलमागे साडेचार हजार भाव धरला, तर हे झाले दहा क्विंटल. म्हणजे कोरडवाहू दीड-दोन एकराचं अख्खं उत्पन्न, आणि त्यातून खत-बियाणं, फवारणी, मजुरी अजून वजा व्हायची आहे. एवढे पैसे देऊन पोरगं काय शिकून येतं, हे बघायला नको का?

मी बघितलं. अशाच एका क्लासमधून सर्टिफिकेट घेऊन आलेल्या मुलाने मोबाइलवर त्याचा प्रोजेक्ट दाखवला. एका दवाखान्याची वेबसाइट. दिसायला चकाचक. पण "अपॉइंटमेंट"चं बटण दाबलं की काहीच होत नव्हतं. खाली "लोरेम इप्सम" असा निरर्थक लॅटिन मजकूर तसाच होता, जो डिझाइनवाले जागा भरायला टाकतात. मी म्हटलं, "हा फोन नंबर बदलून दाखव बरं." त्याला जमलं नाही. त्याच्या बॅचच्या सगळ्यांचा प्रोजेक्ट हाच होता, फक्त रंग वेगळे. मुलगा हुशार आहे, दोष त्याचा नाही. त्याला तयार साचा उघडून दिला होता, साचा कसा बनतो ते कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वेब डिझाइनचा पाया फुकट शिकता येतो, मराठी माध्यमाच्या पोराला शिकता येतो, आणि पैसे भरायचेच असतील तर पहिले दोन महिने स्वतः शिकून मगच भरावेत. आता कसं ते सांगतो.

हे ज्ञान कुणाच्या मालकीचं नाही

वेब ही कल्पना टिम बर्नर्स-ली या माणसाने १९८९ साली मांडली. तो तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होता. पहिली वेबसाइट १९९१ मध्ये सुरू झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केलं की हे तंत्र कुणीही, पैसे न देता वापरावं. आज गल्लीतल्या क्लासला फ्लेक्स लावता येतो तोही त्या निर्णयामुळेच. जी गोष्ट मुळात सगळ्यांना मोफत दिली गेली, तिच्या पहिल्या पायरीसाठी दहा क्विंटल सोयाबीन मोजायचं कारण नाही.

आणखी एक. कुठल्याही वेबसाइटचं पान कॉम्प्युटरवर उघडा आणि कंट्रोल-यू दाबा. त्या पानामागचा मजकूर समोर येतो. एफ-१२ दाबलं तर पानाचा कुठला भाग कसा बनलाय तेही दिसतं. दुसऱ्याच्या शेतात डोकावून बघावं तसं जगातल्या कुठल्याही साइटमध्ये डोकावता येतं. अशी सोय फार कमी धंद्यांत आहे.

तीन गोष्टी, आणि त्यांचा क्रम

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. इंजिनिअर नाही. गेल्या वर्षी तालुक्याच्या बातम्यांसाठी स्वतःचं पान बनवायचं म्हणून शिकायला बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पेपरचं पान लावताना जे करतो, तेच इथे आहे.

पहिली गोष्ट एचटीएमएल. बातमीला जसा मथळा असतो, उपमथळा असतो, परिच्छेद असतात, फोटो आणि फोटोओळ असते, तसं प्रत्येक तुकड्याला "तू कोण आहेस" हे सांगायचं. एच-वन म्हणजे मुख्य मथळा, पी म्हणजे परिच्छेद, आयएमजी म्हणजे फोटो, ए म्हणजे लिंक. मथळ्याच्या एच-वन ते एच-सिक्स अशा सहा पायऱ्या आहेत. अशा खुणांना टॅग म्हणतात. एकूण टॅग शंभराच्या वर आहेत, पण रोजच्या कामाला पंचवीस-तीस पुरतात.

दुसरी गोष्ट सीएसएस. मथळा किती मोठा, कुठल्या रंगात, दोन ओळींत अंतर किती, फोटो डावीकडे की उजवीकडे, हे इथे ठरतं. याचं पहिलं अधिकृत रूप डिसेंबर १९९६ मध्ये आलं.

तिसरी जावास्क्रिप्ट. बटण दाबल्यावर काहीतरी घडणं, यादी शोधता येणं, फॉर्ममध्ये चुकीचा नंबर भरला तर लगेच सांगणं, ही तिची कामं.

क्रम हाच ठेवायचा. दोन आठवडे फक्त एचटीएमएल. पान उघडंबोडकं दिसेल, दिसू द्या. मग महिना-दीड महिना सीएसएस. त्यात सुरुवातीला "बॉक्स मॉडेल" नीट समजून घ्या, म्हणजे पानावरची प्रत्येक वस्तू ही एक चौकट असते, तिला आतलं अंतर, किनार आणि बाहेरचं अंतर असतं. मग "फ्लेक्सबॉक्स" आणि "ग्रिड". पेपरचे कॉलम लावायचं काम हे दोघं करतात. जावास्क्रिप्ट त्यानंतर. बरेच क्लास तिसऱ्या दिवशीच तयार साचे आणि हलणाऱ्या चित्रांवर उडी मारतात, कारण पालकांना दाखवायला ते बरं पडतं.

इंग्रजीची भीती

आपल्याकडची पोरं इथेच मागे सरतात. "सर, सगळं इंग्रजीत आहे." आहे, पण ती इंग्रजी भाषा नाही, पंचवीस-तीस खुणांची यादी आहे. ज्याने एमएस-सीआयटी करताना मेनूमधले शब्द पाठ केले, त्याला हे जड नाही.

एक खाचखळगा मात्र आधीच सांगून ठेवतो. शाळेत आपण "कलर"च्या स्पेलिंगमध्ये "यू" लिहितो. सीएसएसला तो "यू" चालत नाही. "सेंटर"चा शेवट आपण "आर-ई" शिकलो, इथे "ई-आर" लागतो. अमेरिकन स्पेलिंग आहे ही. एवढ्यासाठी पोरगं तासभर डोकं धरून बसतं आणि "आपल्याला जमणार नाही" म्हणून उठून जातं. वर वाईट हे की सीएसएसमध्ये चूक झाली तर कॉम्प्युटर ओरडत नाही, ती ओळ मुकाट्याने सोडून देतो.

मराठी पानाचे नियम वेगळे आहेत

हे कुठल्याही फ्लेक्सवर नसतं, आणि आपल्या पोरांना काम मिळवून देईल ते हेच. इंग्रजी पानाचे नियम मराठीला जसेच्या तसे लावले की पान बिघडतं.

मराठीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या आकाराच्या दीडपट तरी ठेवा, थोडं जास्त असेल तर आणखी बरं.

इंग्रजी मथळ्यात अक्षरं लांब-लांब केली की छान दिसतात. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. तिरकी अक्षरंही टाळा. बहुतेक मराठी फॉन्टमध्ये खास तिरकं रूप नसतंच, कॉम्प्युटर सरळ अक्षरालाच वाकवतो.

पानाच्या सुरुवातीला दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ आहे. ती नाही सांगितली तर मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसू शकतात. दुसरी, पानाची भाषा मराठी आहे, त्याचा संकेत "एमआर". यामुळे अंध माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी उच्चार निवडू शकतं. काही फॉन्टमध्ये तर या एका संकेताने "ल" आणि "श" हिंदी वळणाऐवजी आपल्या मराठी वळणाचे होतात.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे जुन्या पद्धतीत टाइप केलेला मजकूर वेबवर टाकला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षांचे अंक असेच अडकलेत. फॉन्टही विकत घ्यायला नको. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू, तसंच नोटो देवनागरी हे सगळे मोफत आहेत.

पान कुणासाठी बनवतोय?

आपल्या तालुक्यात वेबसाइट बघणारा माणूस लॅपटॉपवर नसतो. तो एसटीत उभा असतो, हातात स्वस्तातला मोबाइल, रेंज कधी आहे कधी नाही. म्हणून पान आधी मोबाइलवर नीट दिसलं पाहिजे. एकच पान मोठ्या-छोट्या पडद्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं, या पद्धतीला "रिस्पॉन्सिव्ह" डिझाइन म्हणतात. हे नाव इथन मार्कोट या डिझायनरने २०१० मध्ये दिलं. आता तो साधा नियम झालाय.

फोटोचंही तेच. मोबाइलने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. असे चार टाकले की एक पान उघडायला वीस एमबी गेले. तेच फोटो लहान करून दीड-दोनशे केबीवर आणले तर सगळं पान एका एमबीच्या आत बसतं. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर टाकायची फॅशन आहे, तीही सोडा. अक्षर आणि मागचा रंग यांत किमान साडेचारास एक इतका फरक हवा असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आणि हे प्रमाण मोजून देणारी साधनं मोफत आहेत. उन्हात उभं राहून वाचणाऱ्याला आणि चाळिशी लागलेल्याला त्याचं महत्त्व लगेच कळतं.

शिकायचं कुठे, खर्च किती?

मोझिलाचं एमडीएन, फ्रीकोडकॅम्प, डब्ल्यूथ्रीस्कूल्स. तिन्हीवर फुकट शिकता येतं. फ्रीकोडकॅम्प ही ना-नफा संस्था आहे, तिथे पानावरच सराव करून घेतात. हिंदीत यूट्यूबवर ढीगभर धडे आहेत, मराठीतही आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कॉम्प्युटरच्या अनेक विषयांचे छोटे धडे मराठीतसुद्धा मिळतात, तेही मोफत.

कॉम्प्युटर जुना चालतो. लिहायला नोटपॅड पुरतं, थोडं पुढे गेल्यावर व्हीएस कोड घ्या, तेही फुकट. बनवलेलं साधं पान गिटहब पेजेससारख्या सेवेवर विनाखर्च जगासमोर ठेवता येतं. स्वतःचं नाव हवं असेल तर ".इन" डोमेन पहिल्या वर्षी काहीशे रुपयांपासून मिळतं. फक्त दुसऱ्या वर्षीचा दर आधी बघून घ्या, तो बऱ्याचदा जास्त असतो. २०१४ पासून ".भारत" असं देवनागरी नावही घेता येतं.

सरावाला खोटा दवाखाना कशाला? आपल्या स्टँडवरच्या एसटीचं वेळापत्रक घ्या. वॉर्डनिहाय पाणी कधी येतं ते घ्या. आठवडी बाजाराचे गाव आणि वार घ्या. एका नगरपरिषदेच्या साइटवर मी पाणीपट्टीची नोटीस शोधली, तर तिरकं स्कॅन केलेलं पीडीएफ निघालं. त्यात ना शब्द शोधता येतो, ना मोबाइलवर वाचता येतं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की कार्यालयांनी माहिती आपणहून, लोकांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावी. ती वाचता येईल अशी कशी मांडायची, हे आपल्या गावची एखादी पोरगी साध्या पानावर दाखवू शकते. तीच तिची खरी परीक्षा, आणि तोच तिचा प्रोजेक्ट. मात्र कुणाचा खाजगी नंबर न विचारता टाकायचा नाही, आणि माहिती कुठल्या तारखेची आहे ते पानावर लिहायचं.

"पण फुकट कोण शिकतं हो?"

एका क्लासचालकाशी बोललो. तो म्हणाला, "फुकट सगळं आहे, पण पोरं बसत नाहीत. आम्ही बसवतो." यात तथ्य आहे. एकट्याने शिकताना अडलं की माणूस सोडून देतो. अडल्या जागी बोट ठेवून दाखवणारा मास्तर मिळाला तर त्याला पैसे जरूर द्यावेत. सगळे क्लास लुटारू आहेत असं मी म्हणत नाही. पण मास्तर चांगला आहे की नाही, हे ज्याने दोन महिने स्वतः झटापट केली त्यालाच ओळखता येतं. आणि दोन महिन्यांत पोराने एकही पान बनवलं नाही, तर त्याला यात रस नाही हे पंचेचाळीस हजार वाचवून कळलं.

दुसरा प्रश्न एआयचा. आता मराठीत सांगितलं तरी मिनिटभरात पान तयार करून देतो, मग शिकायचं कशाला? पान मिळतं हे खरं. पण मोबाइलवर मथळा कापला जातोय, फॉर्म भरलेली माहिती कुठेच जात नाही, हे ओळखणार कोण? ज्याला पाया येतो त्याच्या हातात एआय चांगलं अवजार आहे. ज्याला येत नाही, त्याची गत त्या दवाखान्याच्या बटणासारखी.

तिसरा, नोकरीचा. स्पष्ट बोलतो. फक्त एचटीएमएल-सीएसएसवर पुण्यात तीन महिन्यांत नोकरी लागेल, ही आशा धरू नका. या पायरीवर गर्दी फार आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे पुढे तेही शिकावं लागेल, जावास्क्रिप्टही लागेल. वर्ष-दीड वर्षाचा सराव धरा. तोवर गावातली छोटी कामं मिळू शकतात: मंगल कार्यालय, शेतकरी उत्पादक कंपनी, नर्सरी, खानावळ. असं काम घेतलं तर डोमेन ग्राहकाच्याच नावावर आणि ईमेलवर नोंदवा. एका दुकानदाराचं डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर होतं. तो फोन उचलेना, आणि दुकानाचं नाव हातचं गेलं. आपल्या पोरांनी असा धंदा करू नये.

आता मागणी

आपल्या गावात कॉलेजची लॅब आहे, झेडपी शाळेत कॉम्प्युटर आहेत, वाचनालयात दोन मशीन आहेत. रविवारी ही सगळी कुलपात असतात. वाचनालयाच्या कार्यकारिणीला आणि कॉलेजच्या प्राचार्यांना माझी जाहीर विनंती आहे की रविवारचे तीन तास एक खोली उघडी द्या. इंटरनेट आणि दहा मशीन एवढंच लागेल. घरी कॉम्प्युटर नसलेल्या, आणि क्लासची फी ऐकूनच मागे वळणाऱ्या मुलींना याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. जुजबी का होईना, जे मला येतं ते शिकवायला मी येतो. पुण्या-मुंबईत या कामात असलेली आपल्या गावची पोरं महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर तासभर देणार असतील, तर मला निरोप द्या.

आणि एवढं वाचूनही ज्यांना क्लास लावायचाच आहे, त्यांनी फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा:

१. मागच्या बॅचच्या तीन मुलांनी बनवलेल्या, आज चालू असलेल्या वेबसाइट दाखवा. मोबाइलवर आम्ही स्वतः उघडून बघू.

२. शिकवणारा कोण? त्याने स्वतः बनवलेलं काम कुठे आहे? एक आठवडा फुकट बसू द्याल का?

३. मराठी पान शिकवणार का? युनिकोड, मराठी फॉन्ट आणि ओळींतलं अंतर यावर किती तास?

४. "जॉब गॅरंटी" म्हणजे नेमकं काय, ते लेटरहेडवर लिहून द्या. कुठली नोकरी, किती पगार, नाही लागली तर किती पैसे किती दिवसांत परत?

चौथ्या प्रश्नावर बरेच जण गडबडतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाई होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली, त्यात यशाच्या आणि नोकरीच्या खोट्या हमीला मनाई आहे. फ्लेक्सचा फोटो काढून ठेवा, माहितीपत्रक जपा, पूर्ण रकमेची पक्की पावती घ्या, आणि फी हप्त्याने द्या. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.